पहारवाला आणि माळाचं कवच

फार पूर्वी, विहीर खणायला माणसाच्या दंडाखेरीज दुसरं यंत्र नव्हतं तेव्हा, एका गावात एक पहारवाला राहत होता. विहिरी खणणं हा त्याचा धंदा. जमिनीत पहार मारली की नुसत्या आवाजावरून खाली काय आहे ते तो सांगायचा, आणि सांगितलेलं खरं निघायचं. मग लोक म्हणायचे, "वा पहारवाले, तुमच्यासारखे तुम्हीच!"

"कसलं काय," असं तो तोंडानं म्हणायचा, पण ऐकून घ्यायचा. आपल्याला वाटतं, स्तुती काय, आली आणि वाऱ्यावर गेली. जात नाही. थोडी मागं राहते. अशी थोडी थोडी साचून त्याच्या अंगात एवढा ताठा आला, की एखाद्या दिवशी चुलीवर त्यानं केलेल्या आमटीला बायकोनं अळणी म्हटलं, तरी तो म्हणायचा, "मीठ मी घातलंय ना? मग बरोबर आहे. तुझी जीभ तपास."

शेजारच्या माळावर एक वस्ती नव्यानं बसली होती. त्यांचं जुनं गाव पुरानं नेलं, म्हणून बिचारी माणसं उंचावर आली. घरं उभी केली. एका म्हातारीनं दारात लिंबाचं रोपही लावलं. सगळं झालं, पाणी तेवढं कोसभर लांब. डोक्यावर हंडे वाहून बायकांच्या माना मोडायची वेळ आली. म्हणून पाटलानं पहारवाल्याला बोलावून घेतलं.

नारळ फुटला. पहारवाल्यानं पहार मारली. हातभर रेताड माती, आणि मग टण्ण! ठिणगीच उडाली. जागा बदलली. तिथंही टण्ण. माळभर फिरून मारली, माळभर टण्ण.

आता त्याच्या धंद्याचं गणित सरळ होतं. वर माती, मातीखाली मुरूम, मुरमाखाली कातळ. जितकं खाली जाल तितकं कठीण. बापजाद्यांपासून असंच चालत आलेलं. त्यानं पहार खांद्यावर टाकली.

"पाटील, गाठोडी बांधा. हातभरावर एवढा कातळ, मग खाली काय असेल? हा माळ पाताळापर्यंत दगड आहे."

"अहो, एकदा फोडून तरी बघू या की!"

"मला शिकवता? माझा शब्द आजवर कधी खोटा पडलाय?"

पडला नव्हता. तेच तर वाईट झालं. खोटं बोलणारा असता तर कुणी ऐकलंच नसतं. पहारवाल्याचा शब्द म्हणून सगळं गाव डोळे पुसत गाड्या भरायला लागलं. म्हातारी रोपाभोवतीची माती उकरत बसली. पण उपटून नेलेलं रोप जगतंय थोडंच, हे तिलाही ठाऊक होतं.

पहारवाला आणि त्याची बायको परतीला लागली. बायको त्याच्याबरोबर माती उपसायला यायची, पाट्या तिच्याच डोक्यावर. माळाच्या कडेला ओढ्यानं जमीन तासून उभी दरड केली होती. तिथं बायको थबकली.

"अहो, इकडं या जरा."

"आता काय?"

दरडीत वर दगडाचा थर छपरासारखा पुढं आलेला, आणि त्याच्या बरोबर खाली साळिंदराचं बीळ. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग. माती ओली.

"तुम्ही म्हणता पाताळापर्यंत दगड," बायको म्हणाली. "मग या साळिंदराकडं कुठली पहार?"

पहारवाला खाली वाकला. त्यानं बिळात हात घातला. मऊ, गार वाळू. मुठीत दाबली तर लाडू वळला. मग त्यानं वरच्या थराचा टवका उडवून उन्हात धरला. आत तीच वाळू, तेच कण. फक्त कणाकणाच्या मधे काचेसारखं काहीतरी चकाकत होतं.

"अगं, ही तर खालचीच वाळू! हिचा दगड कसा झाला?"

"तुमच्या धोतराला खळ देते, तेव्हा काय होतं?"

"वाळलं की ताठ होतं."

"पाणी उडतं, खळ राहते."

त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाऊस मातीत मुरतो. मुरता मुरता वाळूतल्या गारेचा, म्हणजे त्या चकाकणाऱ्या दगडाचा, अंश विरघळून पाण्यात जातो, डोळ्याला दिसणार नाही इतका. उन्हाळा तेच पाणी वर ओढतो. पाणी उडून जातं, अंश मागं राहतो आणि दोन कणांना चिकटवतो. पुढच्या साली आणखी जरासा. अशी युगं गेली की वाळूचा दगड होतो. पण जिथं पाणी सुकतं तिथंच. त्याच्याखाली वाळू मोकळी, आणि ओल जिथल्या तिथं.

"चला घरी," तो हळूच म्हणाला.

"आणि गाव?"

"परत गेलो तर पोरंटोरं हसतील मला."

"हसतील की. मला तर आत्ताच हसू येतंय."

"आणि नाही गेलो तर?"

"तर तुमचा शब्द खरा राहील आणि म्हातारीचं लिंबू मरेल."

वर माळावर बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला. पहिली गाडी निघाली होती. पहारवाल्यानं एकदा घराच्या वाटेकडं बघितलं, एकदा माळाकडं. मग धोतराचा सोगा खोचून तो चढ चढत पळत सुटला.

"थांबा! बैल सोडा! मी चुकलो!"

हा शब्द त्याच्या तोंडातून जन्मात बाहेर पडला नव्हता. गंजलेल्या कडीसारखा करकरत आला.

"काय म्हणालात?" पाटलानं कानाला हात लावला. "मागच्या गाड्यांना ऐकू नाही गेलं."

"चुकलो म्हणतोय! बहिरे आहात काय सगळे? हा कातळ नाही, नुसती खपली आहे!"

माळभर हशा पिकला. म्हातारी तर हसता हसता खाली बसली. मग दगडावर जाळ केला, तो तापवला आणि आळीपाळीनं घण घातले. हात सोलवटले, पण अखेर भेग पडली. खाली कुदळ लोण्यात शिरावी तशी शिरली. वाळू ढासळायला लागली तेव्हा फुटलेल्या खपलीच्याच चिपांनी विहीर बांधून काढली. आणि पाणी लागलं, गोड, थंडगार.

पुढं पहारवाल्याला आधीपेक्षा जास्त बोलावणी यायला लागली. एकानं पाटलाला विचारलंच, "ज्याचा अंदाज तुमच्या दारात चुकला, त्याचंच नाव तुम्ही सगळ्यांना का सुचवता?"

पाटील म्हणाला, "बाबा रे, कधीच न चुकणारे पुष्कळ भेटतात. चुकल्यावर पळत परत येणारा हा एकच भेटला."

तात्पर्य: कवच थेंबाथेंबानं चढतं, मातीवर आणि माणसावरही. फोडताना चारचौघांत हसं होतं, ते होऊ द्यावं; पाणी त्याच्याच खाली असतं.