फुलासारखी आणलेली गाडी

"घेऊन जा बाई तुझी गाडी. जशी होती तशीच आणलीय," कोतवाल म्हणाला.

गाडी चावडीपुढे एका अंगावर कलंडली होती. डाव्या चाकाचे आरे मोडून लोंबत होते.

भिवरा कुंभारीण सकाळी देवळात दिवा लावायला गेली, नवरा बैलांना पाण्यावर घेऊन गेला. देवळापुढे गाडी उभी करायची नाही, असा राजाचा हुकूम. चार शिपायांनी दोर बांधले आणि रिकामी गाडी फरफटत चावडीवर आणली. उद्या पौर्णिमा. नातू झाला तर याच गाडीतून त्याला नेऊन डोंगरावरच्या देवीच्या पायावर घालीन, असा भिवराचा नवस होता, आणि नातू आता सव्वा महिन्याचा झाला होता.

तिने नातवाची, नवसाची हकीकत सांगून राजाकडे दाद मागितली. राजा चावडीवर आला.

"चाक आधीचंच मोडकं, सरकार. आम्ही गाडी फुलासारखी आणली," कोतवाल म्हणाला.

राजा भिवराकडे वळला. "माझ्या कोतवालाने जन्मात चूक कबूल केलेली नाही. त्याच्याच तोंडून वदव, तर भरपाई. नाहीतर गाडी सरपणाला."

भिवराने हात जोडले. "कोतवालदादांचं खोटं कसं असेल, सरकार? मोडक्या चाकाची गाडी, वाटेत एवढा चढ, आणि चौघांनी फुलासारखी आणली! असे शिपाई देवीच्या कृपेनेच मिळतात. तशीच परत देवळापर्यंत पोचवा म्हणावं. गावालाही दर्शन घडेल."

"पोचवा," राजा म्हणाला.

चौघांनी दोर ओढले. गाडीने मातीत नांगरट केली, पण पुढे सरकेना. आणखी चौघे आले, दोर तुटला. शेवटी कोतवालाने स्वतः खांदा लावला. पागोटं धुळीत पडलं.

"हळू हं दादा," भिवरा काळजीने म्हणाली. "सकाळी चढावरसुद्धा दम लागला नव्हता. इथे तर सपाट आहे. उपास आहे का आज?"

"अगं बाई, सकाळी चाक धड होतं!" कोतवाल खेकसला. "मोडक्या चाकाची गाडी कुणाच्या बापाला ओढता येते का?"

शिपायांनी माना खाली घातल्या. भिवराने डोक्यावरचा पदर सारखा केला. "मी काही बोलले नाही हो, सरकार."

राजा पोट धरून हसला. "हिला नवी गाडी द्या!"

"नवी नको, सरकार. नवस याच गाडीचा आहे. चाक तेवढं बसवून द्या."

"दोन्ही चाकं नवी बसवा, आजच्या आज. आणि बाळाला सोन्याची साखळी. उद्या देवीच्या दारात गाडी उभी असेल, तोवर तिला कुणी हात लावू नये म्हणून कोतवाल राखण करील."

"उन्हात उभं राहावं लागेल हो, दादा," भिवरा म्हणाली. "प्रसाद गाडीपाशीच आणून देईन."