घाबरट बंदूक

निंबदऱ्याच्या आबासाहेब महाराजांनी लागोपाठ अकरा गोळ्या झाडल्या, पण पन्नास पावलांवरचं मडकं जागचं हललंसुद्धा नाही!

"मडकं हललं, सरकार! नेमका बार उडताना हललं!" दिवाणजी म्हणाले.

महाराजांचे हात कापतात हे अख्ख्या संस्थानाला ठाऊक होतं. बोलायची मात्र कोणाची छाती नव्हती.

"मडकं नाही, ही बंदूक हलते!" महाराज कडाडले. त्यांनी बंदुका सांभाळणाऱ्या येसाजी जिनगराला बोलावलं. "दसऱ्याला पाहुणे राजे येणार. तोवर हिचं हलणं थांबव. टेकू नको, काठी नको, आमच्या हाताला कोणी शिवायचं नाही. नाही जमलं, तर बिऱ्हाड उचल आणि संस्थानाबाहेर चालू लाग!"

येसाजी रडकुंडीला येऊन घरी आला. त्याची लेक सारजा चामड्याच्या कामात बापापेक्षा सरस. तिने बंदूक उलटीपालटी करून पाहिली.

"बाबा, हिचा पट्टा कुठाय?"

"महाराजांनीच कापायला लावला गं. खांद्याला बंदूक अडकवून शिपाई हिंडतात, राजाला पट्टा कशाला, म्हणाले!"

दसऱ्याला मडकं मांडलं, पाहुणे बसले. सारजाने बंदूक पुढे केली. तिला नवा कोरा पट्टा!

"शिपायाचा पट्टा? आमच्या बंदुकीला?"

"सरकार, आपल्यापुढे भलेभले थरथरतात. ही बिचारी कशी थरथरणार नाही? तिला जरा दंडाशी बांधून घ्या!"

हे महाराजांना एकदम पटलं. तिने सांगितलं तसा त्यांनी पट्ट्याचा वेढा डाव्या दंडात चढवला आणि त्याच हाताने बंदूक पुढे धरली. पट्टा ताणला, बंदूक खांद्यात घट्ट बसली. धाड! मडक्याच्या ठिकऱ्या!

पाहुणे राजे मिशीत हसले. "पोरी, खरं सांग. पट्ट्याने आवरलं कोणाला? बंदुकीला की तुझ्या राजाला?"

येसाजीने डोळेच मिटले.

"ते दिवाणजींना विचारा," सारजा म्हणाली. "मडकंच हलतं म्हणत होते ना? पुढचं मडकं त्यांनी डोक्यावर धरावं. आणि पट्टा ठेवायचा की काढायचा, तेही त्यांनीच सांगावं!"

"राहू द्या, सरकार! पट्टा राहू द्या! चांगला घट्ट राहू द्या!" दिवाणजी किंचाळले.

महाराजांनी क्षणभर दिवाणजींकडे डोळे वटारले. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि पोट धरधरून हसत सुटले. हातातलं सोन्याचं कडं त्यांनी सारजाला दिलं, येसाजीला बंदूकखान्याचा मुख्य केलं. ठिकऱ्या गोळा करायचं काम मात्र दिवाणजींना मिळालं.