दोन गरे

फणसांना अजून मालक नव्हते, तेव्हाची गोष्ट. खारीने वर देठ कुरतडून फणस पाडायचा आणि खाली साळिंदराने तो फोडायचा, असं दोघांचं ठरलं. साळिंदर म्हणालं, "दोन गरे तुझे, बाकीचे माझे. नाही त्यापेक्षा दोन बरे."

खारीच्या पोटात कावळे ओरडत होते, तरी तिने देठाला दात लावला नाही. संध्याकाळी तो फणस माकडांनी नेला. दोघंही उपाशी झोपली.

सकाळी दुसऱ्या फणसाखाली साळिंदर नरमलं होतं. "खारबाई, आज मला दोनच दे. बाकीचे तू खा."

"तेही नको," खार देठ कुरतडत म्हणाली. "काल तुझ्या ढिगाकडे बघत मला खाववलं नसतं. आज तू बघत बसलंस, तरी खाववणार नाही."

फणस धपकन पडला. दुपारी दोघांच्याही मिशांना सारखाच चीक लागला होता.