दादाची जागा

फार फार मागे एका वारुळात दोन हजार पाचशे वीस मुंगळे होते. दोन-दोनच्या करा नाहीतर दहा-दहाच्या, त्यांच्या रांगा पुऱ्याच भरत. अपुऱ्या रांगेने बाहेर पडायचं नाही, हा रिवाज होता.

एके सकाळी ओढ्याने बारक्याच्या दादाला ओढून नेलं. दुपारी पाणी वारुळाच्या तोंडाशी आलं.

"तिघा-तिघांच्या करा!" मुकादम ओरडला. शेवटच्या रांगेत एक कमी पडला. सात-सातच्या केल्या, तरी एकच कमी. दहा-दहाच्या केल्या, तरी एकच.

"मुकादम, बुडू आपण!" बारक्या किंचाळला.

"तुझा दादा गेला म्हणून रिवाज मोडू?"

बारक्या मोकळ्या जागेला खेटून उभा राहिला. "मोडू नका. ही दादाची जागा. ती धरून मोजा."

मुकादमाने मोजलं. रांग पुरी भरली. सगळे निघाले.

अजूनही मुंगळ्यांच्या रांगेत मध्येच एक फट दिसते. ती कुणी भरत नाही.