एस. मित्रा, फ्लॅट तीनशे चार

“…पण मूळ कारण कुठलं धरायचं, आर्याजी? वसाहतवाद धरायचा, गुलामांचा व्यापार धरायचा, की त्याच्याही आधीचं काही?”

आर्या उत्पला चीवर शिवत होत्या. भिक्खुणीचं वस्त्र अख्खं नसतं, तुकडे कापून पुन्हा जोडायचं असतं. त्यांनी दोरा दातांनी तोडला.

“किती मार्कांचा आहे?”

“काय?”

“प्रश्न.”

संघमित्रा ओशाळली. “पंधरा,” ती म्हणाली.

खरंच पंधरा मार्कांचा होता. ‘आधुनिक समाजातील वांशिक विषमता : कारणे आणि परिणाम.’ ती कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवायची आणि दरवर्षी हा प्रश्न मुलांकडून घोटून घ्यायची. सहा कारणं, सहा परिणाम, शेवटी समारोप. समारोपाला तिचा स्वतःचाही आवाज जरा भरून यायचा.

“मग पोरांना सांगतेस तेच मला सांग. मला कुठं परीक्षा द्यायचीय?”

“तसं नाही, आर्याजी…”

“दोन बस बदलून, भर उन्हात, एवढंसं लेकरू कडेवर घेऊन कुणी पंधरा मार्कांसाठी येत नाही.”

चौदा महिन्यांची यशोधरा रांगत रांगत कात्रीकडे निघाली होती. आर्याजींनी न बघताच कात्री मांडीखाली सरकवली.

डोंगराच्या पायथ्याचं हे पत्र्याचं विहार. लहानपणी दर रविवारी संघमित्रा इथंच वंदना पाठ करायला बसायची. तेव्हा खाली फरशी नव्हती, सारवलेली जमीन होती. आर्याजी मात्र तेव्हाही म्हाताऱ्याच होत्या.

पर्समध्ये फोन वाजला. तिनं काढला, नाव बघितलं, बंद केला.

“उचल की.”

“नको. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. काय विचारणार ते मला माहितीये.”

“हां,” आर्याजी म्हणाल्या. “म्हणजे मूळ कारण फोनवर आहे.”

तिला हसू आलं, आणि मग रडूच येईल की काय असं वाटलं, म्हणून ती घाईघाईनं बाळाच्या पिशवीत हात घालून लंगोटांच्या घडीतून एक कागद काढू लागली.

“संध्याकाळी सहापर्यंत ह्याच्यावर सही करून द्यायचीय.”

“वाच. माझा चष्मा शिवणाचा आहे.”

तिनं वाचलं.

“‘माननीय फ्लॅटमालक यांस. आमच्या इमारतीत काही महिन्यांपासून आपल्या संस्कृतीत न बसणारे लोक राहावयास आले आहेत. त्यांच्या स्वयंपाकाच्या असह्य वासामुळे रहिवाशांना त्रास होतो. ते कोण, कुठले, त्यांची पार्श्वभूमी काय, याची खरी माहिती सोसायटीस देण्यात आलेली नाही. लहान मुले असलेल्या कुटुंबांत भीतीचे वातावरण आहे. तरी अशा लोकांना महिनाअखेर जागा सोडण्यास सांगावे.’”

“मराठी चांगलं आहे.”

“‘पार्श्वभूमी’ चुकीचं लिहिलं होतं,” संघमित्रा हळूच म्हणाली. “मी दुरुस्त करून दिलं.”

आर्याजींची सुई वर गेली, खाली आली.

“कोण आहेत हे?”

“आमच्या समोरच्या तीनशे तीनमधली अमाल. सुदानची आहे. फार्मसी शिकते. नवरा आहे, एक मुलगी आहे, आमच्या यशूएवढीच.”

“पत्रात तर कुणाचं नाव नाही.”

“सेक्रेटरी म्हणाले, नाव कशाला घालायचं. उद्या कोर्टकचेरी झाली तर आपण अडकायला नको. कळायचं त्याला कळतंच.”

“तुझी मैत्रीण का ही अमाल?”

संघमित्राच्या ओठावर ‘हो’ आलं होतं. तेवढं तरी असायला हवं होतं, असं तिला वाटलं.

“नाही,” ती म्हणाली. “तिच्याकडे गाणी फार मोठ्यानं लागतात. चपला जिन्यात पसरलेल्या असतात. मी आपली हसते फक्त तिच्याकडे बघून.” मग, थोडं थांबून… “तेही लिफ्टमध्ये दुसरं कुणी नसलं तर.”

“किती सह्या झाल्या?”

“आमच्या विंगमधल्या अकरा. तीनशे तीनचा मालक म्हणालाय, एकूण एक सही असेल तरच काढतो, उगाच चांगला भाडेकरू कोण घालवेल. बारावी माझी.”

“नाही केलीस तर?”

“सामंत काकू.”

“त्या कोण?”

“खालच्या मजल्यावरच्या. यशूला त्याच सांभाळतात. यांची बदली गडचिरोलीला, आई गावी… दुसरं कोण आहे मला? काकू वाईट नाहीत हो, आर्याजी. तिला जीव लावतात, मऊ भात भरवतात. पण परवा म्हणाल्या, ‘मित्रा, तुला त्या काळ्यांचाच एवढा पुळका असेल ना, तर मग पोरीलाही त्यांच्याकडेच ठेव. मला नाही जमायचं.’” ती पुढं म्हणाली, “दुसरी बाई मिळेपर्यंत माझे तास कॉलेज कुणाला तरी देऊन टाकेल. आमचं काय, सांगितलं तर या, नाही तर नका येऊ.”

“आणि केलीस तर?”

“तर अमाल जाईल.”

“कुठं?”

“काय माहीत. आधीच चार घरं झालीत तिची.”

यशोधरेनं चीवराचं एक टोक तोंडात घातलं. कुणी सोडवलं नाही.

“काकू तुला मित्रा म्हणतात?”

“सगळेच म्हणतात.”

“तुझी आजी पूर्ण हाक मारायची. दमा होता बाईला, अर्ध्यात श्वास तुटायचा. पण एक अक्षर सोडायची नाही.”

संघमित्रानं कागदाची घडी घातली. उलगडली. परत घातली.

“दारावर ‘एस. मित्रा’ अशी पाटी आहे,” ती म्हणाली. “त्यांना वाटतं मित्रा हे आडनाव आहे. त्यांना मी… बंगाली वाटते.”

आर्याजींनी चष्म्यावरून बघितलं.

“मी खोटं नाही बोलले! पहिल्याच दिवशी सेक्रेटरी म्हणाले, ‘मित्रा म्हणजे बंगाली ना?’ आणि मी…”

“काय म्हणालीस?”

“हसले. कडेवर ही होती, दोन्ही हातांत सामान होतं…”

“सामान जड असलं की माणूस बंगाली होतं?”

“आर्याजी, त्याच्या आधी नऊ घरं बघितली होती आम्ही! फोनवर सगळं ठरायचं. भाडं ठरायचं, किल्ली कधी घेता ते ठरायचं. आणि मग शेवटी, अगदी सहज, ‘आडनाव काय म्हणालात?’… सांगितलं की जागा कालच गेलेली असायची. नऊ वेळा. ह्या घराचा मालक दुबईला असतो, त्यानं विचारलंच नाही. करारावर खरं नाव आहे. पण करार कोण बघतंय?”

“मग, जमतं का बंगाली?”

“दुर्गापूजेला मला पुढं बसवलं. शंख वाजवायला सांगितला.”

“वाजवलास?”

“…घसा बसलाय म्हणाले.”

आर्याजी खळखळून हसल्या. बाळही त्यांच्याकडे बघून हसलं. संघमित्रा हसली नाही. तिला वाटलं, आता सुटले, विषय हसण्यावर गेला. पण आर्याजी हसता हसताच थांबल्या.

“काय शिजवते गं ती अमाल? पत्रात लिहिलंय तो असह्य वास कशाचा?”

बाहेर पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या. त्यांच्या नखांचा आवाज ऐकू येत होता.

“सांग की.”

“…तो वास तिच्या घरचा नव्हता.”

आर्याजींनी हातातलं काम खाली ठेवलं.

“आईनं सुकट पाठवली होती. महिनाभर डब्यात दडवून ठेवली. त्या रविवारी राहवलंच नाही. खिडक्या लावल्या, दाराखाली टॉवेल कोंबला आणि भाजली.” ती भरभर बोलत होती, मध्ये थांबलं तर उरलेलं सांगता येणार नाही अशी. “पाच मिनिटांत जिन्यात गलका. मी दार उघडलं, तर सगळे तीनशे तीनच्या दारात उभे. काकू म्हणाल्या, ‘बघ गं मित्रा, काय जाळतायत हे हबशी!’ माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. बंगाली ताजे मासे खातात, सुकट खात नाहीत, हे त्यांचं पक्कं आहे.”

“आणि अमाल?”

“केस धुऊन आली होती. टॉवेल तसाच डोक्याला. तिच्याकडे गॅससुद्धा पेटलेला नसणार. तिला काही कळेना काय झालंय… तिनं सगळ्यांना हात जोडले. सॉरी म्हणाली.”

“आणि तू?”

संघमित्रानं यशोधरेला ओढून मांडीवर घेतलं. पोर तक्रार करत सुटायला बघत होती.

“मी नाकाला ओढणी लावली,” ती म्हणाली.

…

तिला वाटत होतं, आता आर्याजी रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला काहीतरी उत्तर देता येतं. सहा कारणं सांगता येतात.

“तुम्हीच सांगा,” शेवटी तिलाच राहवेना. “तुम्ही नको म्हणालात तर नाही करणार. शपथ. पोरीला कुठंतरी पाळणाघरात टाकीन, नोकरी गेली तर गेली. तुम्ही फक्त एकदा नको म्हणा.”

आर्याजींनी हात पुढं केला.

“पेन आहे का?”

तिनं दिलं. त्यांनी टोपण काढलं, स्वतःच्या तळहातावर एक रेघ ओढून बघितली. पेन चालत होतं. ते त्यांनी परत तिच्या हातात ठेवलं.

“कर सही.”

संघमित्रा बघतच राहिली. आधी छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं, आणि त्याची तिला लगेच लाज वाटली.

“करू?”

“कर. बस गाठायची असेल ना तुला? फक्त ते एस. मित्रा नको. ती कोण बाई आहे, मी ओळखत नाही. तुझं नाव लिही. आजी हाक मारायची ते, पूर्ण. पुढं आडनाव लिही.”

तिनं कागद गुडघ्यावर घेतला. अकरा सह्या एकाखाली एक होत्या. कुणाची झोकदार, कुणाची शाळकरी, पण सगळ्यांची आडनावं अगदी स्वच्छ वाचता येत होती. खाली बारावा आकडा आणि मोकळी रेघ.

तिनं ‘सं’ लिहिला.

फोन पुन्हा वाजायला लागला. यशोधरेला आवाज आवडला, ती टाळ्या वाजवू लागली.

पेनाचं टोक अनुस्वारावर टेकून राहिलं. तिथं शाई पसरायला लागली.

“आर्याजी,” ती म्हणाली. “हे नाव इथं लिहिलं… तर पुढचं पत्र माझ्यासाठी निघेल.”

आर्याजींनी चीवर पुन्हा मांडीवर ओढलं होतं. दोन तुकड्यांच्या कडा त्या बोटांनी जुळवून बघत होत्या.

“पुढचं कशाला?” त्या म्हणाल्या. “हेच परत वाच.”