बटणाएवढा शंट

“मग माझ्या बोटीत चूक कुठे आहे, ते तरी सांगा!” हृषीकेशने तिसऱ्यांदा विचारलं.

तांडेलकाका बोटीच्या कडेवर बसून होते.

काकांनी जन्मभर जहाजांवर वीज सांभाळली होती. हृषीकेश त्यांचा शिष्य. दोन वर्षं हाताखाली राबून पुण्याला गेला, बॅटऱ्यांचं शिक्षण घेऊन आला, आणि येताना गरजेपेक्षा जरा जास्तच शहाणा होऊन आला.

उद्या सकाळी त्याची विजेवरची बोट पहिल्यांदा खाडी ओलांडणार होती. चाळीस माणसं बसणार होती आणि त्यांत त्याची आईही होती. वेळ नेमकी ओहोटीची होती.

“दोराने धक्क्याला बांध,” काका शेवटी म्हणाले. “आणि पूर्ण जोरात चालव.”

“कालच चालवली, काका. दोन मिनिटं. सगळं ठीक होतं.”

“खाडी ओलांडायला किती लागतात?”

“वीस.”

काकांनी घड्याळ काढून फळीवर ठेवलं.

बोट बांधली गेली. बोटीचा पंखा पाणी घुसळू लागला आणि दोर ताणून करकरू लागला. बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडंच होतं. आत जाड तारेच्या वाटेत बटणाएवढा एक धातूचा तुकडा बसवलेला होता. तोच शंट. सगळी वीज त्याच्यातून जायची, आणि तो किती वीज गेली ते पडद्यावर सांगायचा. आकडा तीनशेचाळीस अँपिअरच्या वर गेला, की बॅटरी स्वतःला वाचवायला वीज तोडणार होती.

पडद्यावर तीनशे.

काकांनी आपला जुना क्लॅम्प मीटर, तारेबाहेरूनच वीज मोजणारा, तारेभोवती अडकवला. त्यातही तीनशे.

“बघितलंत?” हृषीकेश खूश झाला. “मुद्दाम जास्त रोधाचा घेतलाय. रोध जास्त, म्हणून सिग्नल दणदणीत मिळतो. एकदम स्वच्छ आकडा!”

“हं…”

पाच मिनिटं गेली. पडद्यावर तीनशेबारा. काकांच्या मीटरवर तीनशेच.

“तुमचा मीटर जुना आहे,” हृषीकेश म्हणाला.

“माझ्यासारखाच.”

दहा मिनिटांनी पडद्यावर तीनशेअठ्ठावीस.

काकांनी एक पुठ्ठा उचलला आणि पेटीतल्या त्या तुकड्यावर वारा घालू लागले. आकडा उतरू लागला. तीनशेपंचवीस… तीनशेवीस…

“मी बोटीचा जोर कमी केला का?”

“नाही…”

“दोर सैल पडला?”

“नाही.”

काकांनी पुठ्ठा खाली ठेवला. आकडा पुन्हा चढू लागला.

सोळाव्या मिनिटाला पेटीत खट्ट झालं.

पंखा थांबला. दोर सैल होऊन पाण्यात लोंबू लागला, आणि ओहोटीने बोटीचं नाक हळूहळू समुद्राकडे वळवायला सुरुवात केली. दोर होता म्हणून ती लांब गेली नाही.

काकांनी मीटर त्याच्यापुढे धरला. वीज तुटेपर्यंत तो तीनशेच्या वर गेलाच नव्हता.

हृषीकेश खाडीच्या तोंडाकडे बघत राहिला. तिथल्या खडकांवर लाटा फुटत होत्या. सोळा मिनिटांत बोट बरोबर तिथे, भर धारेत असती. त्याला खरोखर भीती वाटली.

“शंट तापला की त्याचा रोध वाढतो, आणि आकडा फुगतो,” तो पुटपुटला. “कळलं मला. सोपं आहे. वीज तोडायची हद्द चारशे करतो.”

“आणि पंख्यात जाळं अडकून खरंच तीनशेनव्वद वाहिले तर?”

हृषीकेशने खाली ठेवलेला पुठ्ठा उचलला.

“मग शंटवर वाऱ्याचा एक छोटा पंखा बसवतो.”

“आणि त्या पंख्यावर कोण लक्ष ठेवणार?” काका हसले. “मेल्या, कुंपणाने शेत खाल्लं तर त्या कुंपणाला दुसरं कुंपण घालशील काय?”

हृषीकेशने पुठ्ठा परत ठेवला. मग त्याने फोन काढला.

“आई, उद्या बोट निघणार नाही.”

पलीकडून बरंच काही ऐकू आलं. बायकांना सांगून झालं होतं आणि नारळही आणून ठेवले होते.

“कोणाची नाही, माझीच चूक आहे. सगळ्यांना तसंच सांग.”

काका तेवढा वेळ दुसरीकडे बघत होते.

मग त्यांनी पिशवीतून एक वस्तू काढून त्याच्या हातात दिली. तळहाताएवढा, जड शंट. दोन टोकांना तांब्याचे ठोकळे आणि मध्ये मँगनिन या मिश्रधातूच्या पट्ट्या. तापला तरी याचा रोध जवळजवळ हलत नाही. आणि तो तापणारही कमी, कारण मुळात रोधच पहिल्याच्या विसावा हिस्सा.

“पण मग सिग्नलही विसावा हिस्सा मिळेल!”

“बसव.”

त्याने बसवला आणि नव्या रोधाप्रमाणे गणित बदललं. दोर पुन्हा ताणला गेला. पाच मिनिटं, दहा, सोळा… वीस. काकांनी थांबू दिलं नाही. चाळीस मिनिटं झाली. वीज तुटली नाही आणि शंट जेमतेम कोमट झाला.

पण पडद्यावरचा आकडा एका जागी ठरत नव्हता. तीनशे, दोनशेब्याण्णव, तीनशेनऊ, पुन्हा दोनशेपंच्याण्णव. काकांच्या मीटरवर मात्र तीनशेच.

हृषीकेश रडवेला झाला. “पहिला ठणठणीत बोलायचा, पण खोटं. हा खरं बोलत असेलही, पण किती हळू! माझ्या मोटारीच्या गोंगाटात काहीच कळत नाही. तारा माझ्या, सर्किटची पाटी माझी, गणितही माझंच. कुठेच चूक नाही. मी तीनदा तपासलंय, पुण्यात सरांनीही बघितलंय, आणि तरी…”

काकांची नजर पेटीत होती. शंटवरून सिग्नल पाटीपर्यंत नेणाऱ्या हृषीकेशच्या दोन बारीक तारा मोटारीच्या जाड तारेला अगदी चिकटून गेल्या होत्या आणि तिचाच गोंगाट उचलत होत्या.

“काका, इतक्या हळू बोलणाऱ्याचं मी ऐकायचं तरी कसं?”

काकांनी त्या दोन तारांवर बोट ठेवलं. “आधी तू गप्प बस.”