सोजरबाईची भिंत

सोजरबाईच्या घराची भिंत एसटी स्टँडावरून लख्ख दिसायची. मोबाइलवर खेळांचे सामने दाखवणाऱ्या एका कंपनीनं तिच्यावर जाहिरात रंगवली आणि बदल्यात सोजरबाईला वर्षभर सामने फुकट बघायला दिले.

नातीची कबड्डीची फायनल उद्यावर आली. भिंतीचा फोटो काढायला आलेल्या कंपनीच्या शेवडेसाहेबांना सोजरबाई म्हणाली, "मोबाइल टीव्हीला जोडला की पडदा काळा होतो, साहेब. अख्ख्या आळीला पोरगी बघायचीय."

"आजी, तुमचा करार मोबाइलचा. मोबाइल एकट्यानं बघायचा. टीव्ही म्हणजे गाव गोळा होणार, त्याचा करार वेगळा."

"असं व्हय," म्हणत ती आत गेली. चार गोधड्या आणून तिनं वळचणीला टांगल्या. जाहिरात पार झाकली.

"आजी, भिंत आम्ही घेतलीय!"

"तुमचीच हाय की. एकेकानं यावं, गोधडी उचलून बघावं. अख्ख्या स्टँडानं एकदम बघायचं, तर त्याचा करार वेगळा."

साहेबांनी कंपनीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी नात टीव्हीवर चढाई करत होती, आणि आळी त्याच गोधड्या अंथरून ऐसपैस बसली होती.